आधी कंद बाजूला काढा, मग फवारणी

प्रश्न: आमच्या आप्पांना (वय ५८) मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडाच्या मगजातला रक्ताचा कॅन्सर निघाला. इंजेक्शनं सुरू आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी पुढे स्टेम सेल ट्रान्सप्लांट सुचवलं आहे. इकडे एक गृहस्थ घरी येऊन सांगून गेले, की नाळेतल्या स्टेम सेलची तीन इंजेक्शनं घेतली तर ट्रान्सप्लांटची गरजच नाही, खर्च चार लाख. आप्पा म्हणतात, ‘मले मुंबईले नका नेऊ.’ दीड एकर विकून ती इंजेक्शनं द्यावीत का?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर: भाऊ, जमीन विकू नका. त्या गृहस्थांना पुन्हा दारात उभं करू नका.

मी फैजपूरची, केळीच्या घरातली. म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. शेतात लव्हाळा माजला आणि साध्या फवारणीला दाद देईना, तर आपण काय करू? केळीचे चांगले कंद आधी काढून सावलीत ठेवू, मग शेतावर जबर औषध मारू, आणि औषधाचा जोर उतरला की तेच कंद पुन्हा लावू. आप्पांचं ट्रान्सप्लांट म्हणजे एवढंच. लव्हाळा मारतं ते औषध, मेल्फॅलान त्याचं नाव. पण ते इतकं कडक असतं, की हाडाच्या मगजातली रक्त तयार करणारी चांगली रोपंही जळतात. ती पुन्हा उगवावीत म्हणून आप्पांच्याच मूलपेशी (म्हणजेच स्टेम सेल) आधी काढून ठेवतात. मूलपेशी स्वतः कॅन्सर मारत नाहीत. हे एकदा लक्षात आलं की नाळेच्या इंजेक्शनातलं खोटं आपोआप दिसतं: जिथं फवारणीच नाही, तिथं नुसते कंद लावून लव्हाळा कसा जाईल?

ऑपरेशन नसतं, हे आप्पांना जरूर सांगा. चार-पाच दिवस कातडीखाली इंजेक्शनं देतात, त्यांनी मूलपेशी मगजातून रक्तात उतरतात. मग डायलिसिससारख्या मशीनवर काही तास झोपायचं. औषधानंतर त्या पेशी सलाईनसारख्या शिरेतून परत देतात आणि त्या आपला रस्ता शोधत मगजात जाऊन बसतात. मला अजूनही याचं नवल वाटतं. नव्या पेशी साधारण १० ते १४ दिवसांत रुजतात. तेवढे दिवस मात्र कठीण: तोंड येतं, ताप येतो, केस जातात, भेटायला कोणी यायचं नाही.

लव्हाळ्याची एखादी गाठ जमिनीत राहतेच. मायलोमाही बहुधा मुळापासून जात नाही. तो बरीच वर्षं दबून राहावा म्हणून नंतर गोळ्या चालू ठेवतात. कोणी ‘कायमचा बरा करतो’ म्हणालं तर सावध व्हा.

ही विद्या नवी नाही. डॉ. डॉनल थॉमस यांनी मगज रोपणाचे पहिले प्रयत्न १९५७ साली छापले आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. टाटा मेमोरियलमध्ये १९८३ पासून रोपणं होतात. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रोपण सोडून बाकी मूलपेशी उपचार अजून प्रयोगच मानले आहेत, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. चार लाख मागितले, तिथेच उत्तर मिळालं.

आयआयटी मुंबई आणि टाटाच्या सेल थेरपीबद्दल मला बरीच पत्रं येतात. तिला २०२३ मध्ये परवानगी मिळाली, पण त्यात मूलपेशी नाही, तर रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी वापरतात आणि ती वेगळ्या रक्तकर्करोगांसाठी आहे. आप्पांसाठी तिची वाट पाहत बसू नका.

मुंबईला पोचल्यावर आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, खर्चाच्या वाटा तिथेच कळतात. डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर रेल्वेत आप्पांना आणि सोबत्याला सवलत मिळते. केळीची कांदेबाग लावायची असेल तर ती भावाच्या हवाली करा, तुम्ही तीन-चार आठवडे मोकळे हवेत.

दोन गोष्टी मात्र आजच करा. हाडं बळकट करणारं इंजेक्शन सुरू होण्याआधी आप्पांचे दात जळगावलाच तपासून घ्या. आणि कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी परस्पर आणू नका; या आजारात मूत्रपिंडं आधीच नाजूक असतात, ती अशा गोळ्यांनी बसू शकतात.