जुनी पोर्ट: बाटली आडवी ठेवायची की उभी?

प्रश्न: गिफ्ट म्हणून पोर्ट वाइनच्या दोन बाटल्या मिळाल्यात. एकीवर '१९९४ व्हिंटेज' आहे, दुसरीवर '२० वर्षं टॉनी'. दोन्ही कपाटात उभ्या ठेवल्यात. अजून ठेवल्या तर आणखी भारी होतील का? आणि उघडल्यावर किती दिवस टिकतात?

उत्तर: टॉनी उघडा हो, तिची वाट बघण्यात काही अर्थ नाही. ती पोर्तुगालमध्येच लाकडी पिंपात वर्षानुवर्षं हळूहळू हवा खात मुरलीये, म्हणून तर रंग विटकरी आणि चव अक्रोड-कॅरॅमलसारखी, बाटलीत भरली की तिचं मुरणं जवळपास संपलं. आणि ते २० म्हणजे काही जन्मतारीख नाही, वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन मिसळून त्या वयाची चव जमवलेली असते. बुचाला वर प्लास्टिकची टोपी असेल तर उभीच राहू दे.

व्हिंटेजचं सगळं उलटं. एकाच वर्षाची द्राक्षं, पिंपात जेमतेम २-३ वर्षं, मग न गाळता थेट बाटलीत, पुढचं मुरणं सगळं तिथेच. १९९४ हे डोरोचं, म्हणजे पोर्तुगालमधल्या पोर्टच्या द्राक्षांच्या खोऱ्याचं, गाजलेलं वर्ष आहे, नीट ठेवलेली असेल तर आत्ता मस्त लागेल आणि अजून थांबलात तरी चालेल, पण मग आडवी ठेवा, नाहीतर बूच सुकतं. जागा अंधारी आणि गार हवी, १२-१४ डिग्री, आणि तापमान सारखं वरखाली नको. काही जुन्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा फराटा दिसतो, ती बाजू वर ठेवायची, म्हणजे गाळ नेहमी एकाच अंगाला बसतो.

प्यायच्या आदल्या दिवशी उभी करा, गाळ तळाशी जाऊ दे. बूच हलक्या हाताने काढा, जुनं असतं, चुरा होतो. मग बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून एका दमात, मध्ये बाटली सरळ न करता डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओता, आणि गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली की थांबा, तळाचं थोडं गेलं तर जाऊ दे. बूच तुटून आत पडलं तर स्वच्छ मलमलमधून गाळून घ्या, इतकं काही बिघडत नाही.

उघडलेली व्हिंटेज दोन-तीन दिवसांत संपवा. टॉनीला हवेची सवय असते, फ्रिजमध्ये महिनाभर आरामात राहते. टॉनी जरा थंड द्या, व्हिंटेज १६-१८ डिग्रीला. आणि प्लीज, ते लिकरचे चिमुकले ग्लास नकोत, त्यात वासच येत नाही! साधा वाइनचा ग्लास घ्या, एक तृतीयांश भरा.

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी उघडलेली मदेराची (त्या पोर्तुगीज बेटावरच्या वाइनची) बाटली अर्धी उरलीये. फेकू का?

उत्तर: अजिबात नको! मदेरा बनवतानाच महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं उष्णतेत ठेवतात, हवाही लागलेली असते, त्यात आंबटपणा भरपूर, त्यामुळे तिचं आता आणखी काय बिघडणार? बूच लावून उभी ठेवा.