तो कॅसिओ नव्हताच

ताई, तुमचं वर्णन दोनदा वाचलं. १९८९ ची दिवाळी, मस्कतहून आलेले मामा, पट्ट्याने गळ्यात अडकवायचा लाल 'कॅसिओ', आणि एक बटण दाबलं की आपोआप सुरू होणारी चाल, जी अजून डोक्यातून जात नाही. चाल कुठली आणि कॅसिओ कुठला, हे तुमचे दोन प्रश्न. दोन्हींचं उत्तर सापडलंय असं मला वाटतं. पण त्याआधी तीन संध्याकाळी मी भलतीकडेच भटकत होतो, आणि त्याला कारण तुमचाच एक शब्द.

आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसा कुठलाही कीबोर्ड म्हणजे कॅसिओ. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं. स्टेजवर रोलँड असो की कॉर्ग, निवेदक 'कॅसिओवर साथ करत आहेत' असंच म्हणायचा. हे पक्कं ठाऊक असूनही मी कॅसिओचीच मॉडेलं चाळत बसलो.

पहिला संशय व्हीएल-१ वर. १९८० च्या सुमाराचं हे यंत्र अर्धं वाद्य आणि अर्धं कॅल्क्युलेटर. गल्फहून येणाऱ्या बॅगांमधून अशा वस्तू भरपूर यायच्या. पण त्याला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत, कॅल्क्युलेटरसारखी २९ बटणं आहेत, आणि आत वाजतं एक जर्मन लोकगीत. तुम्ही 'खऱ्या पेटीसारख्या पण बारक्या पट्ट्या' म्हणता, म्हणजे हे बाद. मग एसके-१. हा १९८६ च्या आसपासचा, माइकमध्ये आपलाच आवाज भरून तो पट्ट्यांवर वाजवायचा. पोरांनी घरोघरी त्यात काय काय भरलं असेल ते सोडा. त्याचा डेमो, म्हणजे बटण दाबलं की आपोआप वाजणारी चाल, आहे 'टॉय सिम्फनी', लिओपोल्ड मोझार्टच्या नावावर सांगितली जाणारी. तिची उड्या मारणारी चाल तुमच्या 'उदास पण गोड'शी जुळत नाही.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने कॅसिओचंच एमटी-४० सुचवलंय. त्याची गोष्ट भारी आहे, पण ती डेमोची नाही, रिदमची. हिरोको ओकुदा या तरुणीने कॅसिओत नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत त्यातला 'रॉक' नावाचा ताल बसवला. १९८१ चं मॉडेल. पुढे १९८५ मध्ये जमैकात त्याच तालावर 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं निघालं आणि तिथल्या संगीताचा सूरच पालटला. तरी तो ताल म्हणजे बेस आणि ड्रम. त्यात गुणगुणण्यासारखी चाल नाही.

आता गंमत बघा. १९९० च्या आसपासच्या कॅसिओच्या एसए मालिकेतल्या काही कीबोर्डांत डेमो म्हणून 'वेक मी अप बिफोर यू गो-गो' आहे, वॅम या इंग्लिश जोडीचं. मी जवळजवळ तेच उत्तर टाकणार होतो. पण ते गाणं नाचायला लावणारं, आणि तुम्ही पेटीवर बसवून दिलेले स्वर त्यात कुठेच बसेनात.

तुम्ही लिहिलंय: रे रे सा, खालचा प, रे रे ग सा. हे दिलंत म्हणून काम झालं. पट्टी काळी दोन होती की पांढरी चार, याला अशा शोधात काही किंमत नाही. कॅसेटवर भरलं असेल आणि टेप सहा टक्के जोरात फिरली, तरी सगळं अर्ध्या स्वराने वर जातं. पण स्वरांमधली अंतरं हलत नाहीत. तुमची चाल षड्जावर सुरूच होत नाही, ती ऋषभावरून उठते, सा वर टेकते न टेकते तोच मंद्र पंचमात उतरते आणि तिथून पुन्हा थेट रे वर उडी. मी पेटी काढली, चार वेळा वाजवलं, आणि आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, जुलैत ख्रिसमस?"

'लास्ट ख्रिसमस'. तेच वॅम, जॉर्ज मायकेलचं गाणं, १९८४ च्या डिसेंबरचं. तुम्ही लिहिलंय की चाल 'फिरून फिरून तिथेच येते'. येणारच. अख्ख्या गाण्यात चारच कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे स्वरांचे गट, फिरतात. त्यांचे मूळ स्वर सा, ध, रे, प असे डाव्या हाताने धरा आणि वर तुमची ओळ वाजवून बघा, लगेच बसेल. मॉलमध्ये हे शंभरदा ऐकूनही ओळखलं कसं नाही, असं वाटेल. तिथे गायकाचा आवाज असतो, शब्द असतात, घुंगरं असतात. तुमच्या कानात राहिलीय ती नुसती चाल, एवढ्याशा स्पीकरमधून आलेली.

चाल सापडल्यावर वाद्य सापडायला दहा मिनिटं लागली, कारण हा डेमो असलेलं आणि गळ्यात अडकवता येणारं प्रसिद्ध वाद्य एकच: यामाहा एसएचएस-१०, १९८७ चं. बारक्या ३२ पट्ट्या, २५ आवाज, अंगातच स्पीकर, आणि डाव्या हाताच्या दांड्यावर सूर वरखाली खेचायचं चाक. 'मामा एक चाक फिरवून सूर रडवायचे' असं तुम्ही म्हणता, ते हेच. लाल रंगातही ते निघालं होतं. जपानमध्ये त्याला 'शोल्की' म्हणत, खांद्यावरचा कीबोर्ड म्हणून.

गळ्यातला कॅसिओही होता, एझेड-१. पण त्याच्या पोटात स्वतःचा आवाजच नव्हता, दुसऱ्या वाद्याला वायर जोडली तरच वाजणार. त्यात डेमो कुठून येणार? कॅसिओचं डीजी-२० मात्र स्पीकरवालं होतं, पण ती गिटार, पट्ट्यांऐवजी तारा.

आणखी एक खूण तुमच्याच वाक्यात आहे: 'स्टीलच्या पेल्यावर चमचा लागावा तसा आवाज'. हा एफएम पद्धतीचा आवाज. एका लहरीने दुसरीला भराभर हलवायचं, की धातूसारखे, घंटेसारखे स्वर निघतात. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी ही युक्ती शोधली आणि यामाहाने तिचे हक्क घेतले. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ कीबोर्डमध्ये एका स्वरामागे लहर काढणारे असे सहा ऑपरेटर होते, तुमच्या मामांच्या लाल वाद्यात दोन. म्हणून तो आवाज जरा कोरडा, पण जात तीच.

मामांच्या माळ्यावर ते अजून असेल, तर एवढं ऐका. आधी मागचा कप्पा उघडा. आत सहा पेन्सिल सेल असतात, आणि इतक्या वर्षांत ते फुटून हिरवंपांढरं पडलं असेल. जुन्या ब्रशला व्हिनेगर लावून ते घासा, नीट वाळू द्या, मगच नवे सेल घाला. आणि घरातला कॅसिओचा अडॅप्टर त्यात खुपसू नका. कॅसिओच्या जुन्या एडी-५ मध्ये मधली पिन ऋण असते, यामाहाच्या अडॅप्टरांत धन. मी एकदा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री हीच चूक केली होती. 'कॅसिओचाच तर आहे' म्हणत दुसऱ्याच्या यामाहाला तो अडॅप्टर लावला. बारीकसा वास आला आणि सगळं शांत. भरपाईचे पैसे तीन हप्त्यांत दिले.

सेलवर चालू झालं तर डेमोचं बटण दाबा आणि मामांना फोन लावून स्पीकरजवळ धरा.