फॉर्म्युला वनमधली विल्यम्स टीम शेवटच्या नंबरावर कशी गेली?

तुम्ही विचारलंय की नऊ वेळा कन्स्ट्रक्टर्सचं, म्हणजे टीमचं, जगज्जेतेपद मिळवलेली टीम थेट तळाला कशी गेली, आणि त्याला फक्त पैशाची चणचण कारण होती का. पैसा कमी पडला, हे खरंच आहे. पण माझ्या मते त्याच्या बरंच आधी बिघडलं होतं ते कारखान्यात आणि मालकाच्या खोलीत. मी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो. शर्यती लहानपणापासून बघतोय, पण विल्यम्सची घसरण मला कळली ती या कामामुळे.

1977 साली इंग्लंडमधल्या डिडकॉटला, गालिच्यांच्या एका जुन्या गोदामात फ्रँक विल्यम्स आणि पॅट्रिक हेड यांनी ही टीम उभी केली. दोनच वर्षांत सिल्व्हरस्टोनला पहिला विजय आणि 1980 ला जगज्जेतेपद. 1986 च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये गाडीच्या अपघातात फ्रँकची मान मोडली, ते कायमचे व्हीलचेअरवर आले, आणि त्याच वर्षी टीमनं पुन्हा कन्स्ट्रक्टर्सचं जेतेपद आणलं. अशा माणसाच्या चुका सांगताना माझी जीभ जड होते, पण सांगायला हव्यात.

पहिली चूक माणसं सांभाळण्याची. विल्यम्सच्या ड्रायव्हरांपैकी पिके 1987 ला, मॅन्सेल 1992 ला, प्रॉस्ट 1993 ला आणि हिल 1996 ला ड्रायव्हर्सचे जगज्जेते झाले. चौघांपैकी एकही पुढच्या सीझनला विल्यम्समध्ये नव्हता. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं, पण गाडी आमची चांगली आहे, चालवणारा दुसरा मिळेल, हा विचार त्यामागे मला दिसतो. मग गाडीचं डिझाइन करणाराही गेला. एड्रियन न्यूईला टीममध्ये हिस्सा हवा होता, ड्रायव्हरसारख्या मोठ्या निर्णयात आपल्याला विचारावं असं वाटत होतं. ते झालं नाही. तो मॅक्लारेन या प्रतिस्पर्धी टीमकडे गेला आणि 1998 ला मॅक्लारेन जगज्जेती झाली. विल्यम्सचं शेवटचं जेतेपद 1997 चं. आपल्याकडेही असा डिझायनर किंवा फोरमन समोरच्या शेडमध्ये गेला की वर्षभरात ऑर्डरी त्याच्या मागोमाग जातात, हे मी दोनदा बघितलंय.

दुसरी चूक बीएमडब्ल्यूची. 2000 पासून त्यांचं इंजिन होतं आणि 2003 ला टीम दुसरी आली. नंतर विल्यम्सवाले म्हणायचे इंजिन कमी पडतंय, बीएमडब्ल्यूवाले म्हणायचे चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा. बीएमडब्ल्यूला टीममध्ये वाटा हवा होता. फ्रँकनी मालकी सोडली नाही. मग बीएमडब्ल्यूनं 2005 मध्ये सॉबर टीम घेतली आणि विल्यम्सवर इंजिन विकत घेऊन पळायची वेळ आली. ज्या स्वाभिमानानं टीम उभी राहिली, त्यानंच तिला एकटं पाडलं.

2014 आणि 2015 ला टीम तिसरी आली तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, आले परत. पण त्या वर्षांत विल्यम्सच्या गाडीतलं मर्सिडीजचं इंजिन सगळ्यात ताकदीचं होतं आणि त्यानं बाकीचं झाकून नेलं. 2018 ला फक्त 7 गुण, 2019 ला 1, 2020 ला शून्य. तिन्ही वर्षं दहावा, म्हणजे शेवटचा नंबर. 2019 च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाला सीझनच्या आधीचं टेस्टिंग सुरू झालं तेव्हा पहिले दोन दिवस यांची गाडीच ट्रॅकवर नव्हती, पार्ट तयार नव्हते. ती बातमी वाचून मला आमच्या जुन्या शॉपची आठवण झाली.

तिथं आम्ही पंपाचे भाग मशीनिंग करून द्यायचो. सगळा हिशेब एका वयस्कर फोरमनच्या वहीत आणि डोक्यात. कुठला पॅटर्न (ओतकामाचा नमुना) शिरोलीच्या कुठल्या फौंड्रीत पडलाय, कुठल्या जॉबला किती दिवस लागतात, त्यांनाच ठाऊक. मालकांनी कर्ज काढून नवं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आणलं, पण वही तशीच राहिली. फोरमन निवृत्त झाले आणि ते लाखो रुपयांचं मशीन कास्टिंगची वाट बघत उभं राहू लागलं. जॉब उशिरा जायचे, पार्टी दंड कापून घ्यायची, आणि मालक ऑपरेटरवर ओरडायचे.

जेम्स व्हाउल्स 2023 ला विल्यम्सचे प्रमुख झाले तेव्हा त्यांना नेमकं हेच सापडलं. गाडीचे सुमारे 20,000 भाग एका एक्सेल शीटवर! कुठला भाग केवढ्याला पडतो, बनायला किती वेळ लागतो, किती ऑर्डरवर आहेत, याचा त्यात पत्ताच नाही. ते त्यांनी स्वतः उघडपणे सांगितलं. 2024 ला मेलबर्नला टीमचा ड्रायव्हर अल्बॉननं सरावात गाडी ठोकली, तर जादा चॅसी नव्हती. शेवटी दुसरा ड्रायव्हर सार्जंटची धड गाडी काढून अल्बॉनला दिली आणि सार्जंट शर्यतीला बसून राहिला. 2020 ला टीम विकल्यानंतर, पैसा असलेल्या नव्या मालकांच्या काळात हे घडलं, म्हणून म्हणतो की प्रश्न नुसत्या पैशाचा नव्हता.

सगळा दोष फ्रँकची मुलगी क्लेअर विल्यम्सच्या माथी मारतात, ते मला पटत नाही. 2013 ला तिच्या हातात कारभार आला तेव्हा न्यूईला आणि बीएमडब्ल्यूला जाऊन वर्षं लोटली होती. शॉपफ्लोअरची पद्धत तिनं बदलायला हवी होती, एवढी जबाबदारी तिची नक्कीच. 2020 च्या ऑगस्टमध्ये टीम डोरिल्टन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकली आणि सप्टेंबरात मॉन्झाच्या शर्यतीनंतर कुटुंब बाहेर पडलं. ती शर्यत मी शेवटपर्यंत बघितली.

2025 ला टीम पाचवी आली, बाकूच्या शर्यतीत टीमचा ड्रायव्हर साइन्झ तिसरा. त्या दिवशी मी पहिल्यांदा ड्रायव्हरकडे न बघता पिटमधल्या मेकॅनिककडे बघत होतो.