१९व्या शतकात लोक जेवणाच्या खोलीत फळांचीच चित्रं का लावायचे?

नुसती आवड म्हणून नाही हो, ते घराचं प्रगतिपुस्तकच होतं. अमेरिकेतला चित्रकार सेव्हरिन रोझेन घ्या, मूळचा जर्मन, १८४८च्या आसपास न्यूयॉर्कला आला आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला, म्हणजे लाकडाच्या धंद्यावर गब्बर झालेल्या गावात राहिला, तिथल्या लोकांना त्याची चित्रं भारी आवडायची. संगमरवरी टेबल, त्यावर द्राक्षं, पीच, स्ट्रॉबेरी नुसती ओसंडून वाहतायत, सीझन वगैरे गेला उडत! आणि कोपऱ्यात बरेचदा पक्ष्याचं घरटं, आत अंडी. म्हणजे भरलेलं घर, मुलंबाळं, देवाची कृपा, सगळं एकाच फ्रेममध्ये. सही तर कधीकधी द्राक्षवेलीच्या वळणदार तणाव्यातच करायचा, शोधत बसा.

ज्यांना ओरिजिनल परवडत नव्हतं त्यांच्यासाठी बॉस्टनच्या लुई प्रँगचे रंगीत छापील प्रिंट होतेच, तेही खास डायनिंग रूमसाठी.

याच्या उलट विल्यम हार्नेट या चित्रकाराचं ‘आफ्टर द हंट’ (म्हणजे ‘शिकारीनंतर’, १८८५) बघा, बंदूक, शिंग, मेलेले पक्षी दारावर टांगलेले. ते लागलं कुठे? न्यूयॉर्कच्या एका दारूच्या गुत्त्यात! पुरुषांचा अड्डा ना तो. घरात घरटं आणि गुत्त्यात शिकार, मला तर ही वाटणी चित्रांपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटते.