दिल्ली सल्तनतीत आरिज-ए-मुमालिक म्हणजेच सेनापती होता का?

नाही, तो फौजेची भरती, हजेरी आणि पगार पाहणाऱ्या दिवाण-ए-अर्ज या खात्याचा प्रमुख. सरसेनापती सुलतान स्वतः; मोहिमेचा सरदार तो दर वेळी वेगळा नेमू शके. आरिजचा खरा दरारा पाहणीच्या दिवशी: स्वाराचं वर्णन लिहिलेल्या हुलियाशी माणूस ताडायचा, मग घोड्यावरचा डाग, म्हणजे तापल्या लोखंडानं उमटवलेली सरकारी खूण, बघायचा. डाग नसला की चांगला घोडा विकून हजेरीपुरतं भाड्याचं तट्टू उभं करणं अगदी सोपं. म्हणून अलाउद्दीन खिलजीनं डागाची सक्ती केली. त्या काळचा इतिहासकार बरनी स्वाराचा वार्षिक पगार २३४ टंके (चांदीची नाणी) सांगतो. एवढा पैसा तट्टवावर कोणता सुलतान घालवेल? मात्र आरिजची माणसं रणापासून दूर नसत: अलाउद्दीनचा सेनानी मलिक काफूर याच्या दक्षिण मोहिमेत नायब (दुय्यम) आरिज ख्वाजा हाजी सोबत होता.