वाचकांचे प्रश्न: मोबाइलची बॅटरी आणि ऊन

उन्हाळा सुरू झाला की बॅटरीच्या तक्रारींची पत्रं वाढतात, यंदाही तेच झालंय. जवळजवळ प्रत्येकाने विचारलंय की किती टक्क्यांना चार्जर लावू आणि किती टक्क्यांना काढू, पण फोन तापतो किती हे फार थोड्या जणांनी लिहिलंय. माझ्या मते आधी बघायचं ते तेच. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देतोय.

नागपुरात फूड डिलिव्हरी करतो. फोन दिवसभर बाइकच्या होल्डरला, मॅप चालू, ब्राइटनेस फुल. फोन दीड वर्षाचाच आहे पण दुपारी दोनपर्यंत १५ टक्क्यांवर येतो. पॉवरबँक लावली तर कधी कधी गरम झाल्याचा मेसेज येतो आणि चार्जिंगच थांबतं. बॅटरी बदलू की फोनच बदलू? (नागपूर)

फोन बदलू नका भाऊ, आधी बॅटरी चेक करून घ्या. तुमचं काम असं आहे की बॅटरीला जे जे सोसत नाही ते सगळं एकाच वेळी होतं, स्क्रीन फुल, जीपीएस चालू, डेटा चालू, वरून ऊन आणि त्यात पॉवरबँकचं चार्जिंग. अ‍ॅपल स्वतःच्या फोनसाठी ० ते ३५ डिग्रीची मर्यादा सांगतं, आणि बाकीच्या कंपन्यांच्या फोनमध्येही असते लिथियम-आयन बॅटरीच, त्यामुळे थोडंफार इकडेतिकडे सगळ्यांचं गणित सारखंच. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो, मग होल्डरवर थेट उन्हात काळ्या काचेचा फोन किती तापत असेल विचार करा.

आत काय होतं तर बॅटरीतलं द्रावण आणि ग्रॅफाइटची पट्टी यांच्यात हळूहळू रासायनिक क्रिया चालूच असते, पट्टीवर एक थर साचत जातो आणि बॅटरी ज्याच्यावर चालते ते लिथियम त्यात थोडं थोडं कायमचं अडकतं. उष्णता वाढली की हे भराभर होतं. एकदा अडकलेलं लिथियम परत मिळत नाही, म्हणून फोन गार झाल्यावर बॅटरी पूर्वीसारखी होईल असं नसतं. चार्जिंग थांबतं ते फोन स्वतःला वाचवतो म्हणून, तेव्हा दुसरी केबल लावून जबरदस्ती करू नका.

तुमच्या कामात करता येईल असं सांगतो. होल्डरवर छोटं छत मिळतं ते लावा. पॉवरबँक चालत्या गाडीवर उन्हात लावण्यापेक्षा हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट बघत सावलीत उभे असता तेव्हा लावा, आणि तेवढा वेळ जाड कव्हर काढून ठेवा. ओळखीचा रस्ता असेल तर स्क्रीन बंद करून स्पीकरवरच्या आवाजावर जा, स्क्रीनचा खर्च सगळ्यात मोठा असतो. तापलेला फोन फ्रिजमध्ये मात्र अजिबात ठेवू नका, आत दव धरतं आणि मग बॅटरी राहिली बाजूला, बोर्डच जातो. बॅटरी हेल्थ, म्हणजे नव्याच्या मानाने किती क्षमता उरली ते, सेटिंगमध्ये दिसत असेल तर बघा, ८० टक्क्यांच्या खाली असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी बदला, नव्या फोनपेक्षा खूप स्वस्त पडतं.

मुलगा म्हणतो रात्रभर चार्जिंगला लावू नकोस, आणि ह्यांचं म्हणणं की पूर्ण शून्यावर आणूनच चार्ज करायचा. खरं कोणाचं? (इचलकरंजी)

ताई, शून्यावर आणायचा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा आहे, अर्धवट वापरून चार्ज करत राहिलं की त्यांना तेवढ्याचीच सवय लागायची. लिथियमला तसं काही नाही, उलट वारंवार पार शून्यावर नेलं तर ती लवकर झिजते. वरचेवर थोडं थोडं चार्जिंग केलं तरी काही बिघडत नाही, कारण चार्जिंगची सायकल, म्हणजे एक फेरी, मोजतात ती एकूण १०० टक्क्यांची, आज ५० आणि उद्या ५० भरलं तर मिळून एकच सायकल. अशा ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता शिल्लक राहावी असं अ‍ॅपल आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी सांगतं, १५ पासून १०००. युरोपात तर जून २०२५ पासून किमान ८०० सायकलचा नियमच झालाय.

मुलाचं अर्धं बरोबर आहे. फोन पूर्ण भरला की चार्जिंग आपोआप थांबतं, त्यामुळे ओव्हरचार्ज होऊन काही फुटत नाही. पण तासन् तास १०० टक्क्यांवर राहिल्याने बॅटरी झिजते हे खरं. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांना थांबायचं किंवा पहाटे उठायच्या वेळेला पूर्ण भरायचं सेटिंग असतं, ते चालू करा आणि निवांत झोपा. फक्त चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली किंवा गादीवर नको, तिथे उष्णता बाहेरच पडत नाही.

पुण्यात फोन दीड दिवस जातो, गावी वेल्ह्याकडे गेलो की दुपारीच संपतो. तोच फोन, तोच वापर. असं का?

टॉवर लांब असला की फोनला जास्त ताकदीने सिग्नल पाठवावा लागतो, लांबच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं ना तसंच. त्यातून सिग्नल पार गेला की फोन तो सारखा शोधत बसतो, कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून जाताना टक्के भराभर उतरतात ते ह्याचमुळे. गावी गेल्यावर ५जी बंद करून ४जी वर ठेवा, ज्या सिमला तिथे रेंजच नाही ते सेटिंगमधून बंद करा, घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. आणि रात्री कुणाचा फोन यायचा नसेल तर सरळ एअरप्लेन मोड.

बॅटरी सेव्हर अ‍ॅप टाकू का? डार्क मोडने खरंच फरक पडतो का? (सोलापूर)

अ‍ॅप नको, ते स्वतःच मागे चालू राहतं आणि जाहिराती दाखवतं. फोनमधला बॅटरी सेव्हर पुरेसा आहे. सारखी सारखी अ‍ॅप पुसून बंद करण्यातही फायदा नाही, पुन्हा उघडताना फोनला ते पहिल्यापासून लोड करावं लागतं. डार्क मोडचा उपयोग ओलेड स्क्रीनवरच होतो कारण तिथे काळा भाग म्हणजे बंद पिक्सेल. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं तेव्हा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला सरासरी ३ ते ९ टक्केच बचत निघाली, फुल ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७. म्हणजे घरात बसून ब्राइटनेस कमी ठेवला असेल तर डार्क मोडने फार काही होणार नाही.

जुन्या फोनचं मागचं झाकण उचललं गेलंय, पण फोन चालतोय. वापरू का? (लातूर)

नाही, आजच बंद करा. आत गॅस होऊन बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवू नका, टोकदार काही घालून उघडायला जाऊ नका, पेट घेऊ शकते. पेटण्यासारखं काही जवळपास नसेल अशा जागी, लादीवर ठेवा आणि लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला न्या. डेटा काढायचा असेल तर तेही तिथेच सांगा, घरी पुन्हा चालू करू नका. घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना आग लागते आणि सफाई कामगारांच्या जिवावर बेतू शकतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, तेव्हा घ्यायला खळखळ केली तर हे सांगा. नवीन बॅटरी बाहेरच्या दुकानातून घेणार असाल तर तिच्यावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी नंबर आहे का तेवढं बघून घ्या, नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.