वय विचारणारे सहकारी

प्रश्न : माझी भाची दक्षिण कोरियातल्या बुसानच्या शाळेत इंग्रजी शिकवते. पहिल्याच भेटीत तिला वय विचारले गेले. ती मद्य घेत नाही, तरी 'ह्वेसिक'ला, म्हणजे सहकाऱ्यांच्या सामुदायिक जेवणाला, तिला बोलावतात. तिने काय करावे?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : वय विचारण्यात आगाऊपणा नाही, कोरियन भाषेत आदरार्थी रूप समोरच्याच्या वयावर आणि पदावर ठरते, आणि आपल्या वाडीतही 'तू कोणाची गो?' असे विचारल्याखेरीज बोलणे पुढे सरकत नाही. ह्वेसिक मात्र तिने टाळू नये, कारण शिक्षकांच्या खोलीत न जमणारी ओळख तिथे जमते. ज्येष्ठांनी चमचा उचलल्यावरच जेवायला लागावे आणि पेला दोन्ही हातांनी पुढे करून त्यात 'साइडर' मागावे. तिथे त्या नावाने लिंबाच्या चवीचे, मद्य नसलेले सोडापेय येते. बांगड्याच्या जातकुळीतला भाजलेला मासा मिळेल, सोलकढी तेवढी मिळणार नाही.